आत्याचा हात आणि प्रवाळ

माझ्या आत्याचा हात लागला नाही अशी वस्तू नाशिक जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. घोटीच्या बाजारात ती तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालते. एकदा व्यापारी म्हणाला, "बाई, तांदूळ घ्यायचाय का अंघोळ करायचीय?" आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत जिन्याच्या कठड्यावर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावली, तर तो खरंच ओला आहे का हे आत्याने तपासलं; तिची बोटं तिथे अजून उमटलेली आहेत. लग्नात ती आधी नवरीचा शालू चाचपते, मग नवरीला आशीर्वाद देते. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे तिचा तळवा सारखा माझ्या कपाळावर येतो. गप्प का, कणकण आहे का? मी शक्यतो तिच्यापासून हातभर लांब बसते.

अशा बाईने घोटीच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणजे ज्यातलं फारसं काही हाताला लागत नाही असा विषय. ज्वालामुखी आणि हिमनद्या तिने पुस्तकाच्या भरवशावर सोडून दिल्या. प्रवाळ मात्र तिला पटला नव्हता. दिसतो दगडासारखा, पण आहे प्राणी, असं ती दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं की बाई, दगड जिवंत कसा? पुस्तकात आहे म्हणून, एवढंच उत्तर तिच्याकडे होतं. आपण मुलांना न तपासलेला माल दिला, ही रुखरुख निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून यंदा हिवाळ्यात ती मला घेऊन मालवणला गेली. "एकदा बोट लावून बघते, म्हणजे सुटले," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी वारा होता आणि पाणी गढूळ, म्हणून होडीवाल्याने परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. पोहता आम्हा दोघींनाही येत नाही. आत्याने लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, होडीवाल्याचा दोरही पाहिला. मास्क लावताना तो म्हणाला, "काकी, खाली कशाक हात लावू नकात. जिवंत आसा ता. बोट लागला तरी मरता." आत्याचा चेहरा एवढासा झाला.

तरंगती रबरी ट्यूब धरून आम्ही तोंडं पाण्यात घातली. पुस्तकातल्या चित्रासारखे रंग नव्हते. तपकिरी, शेवाळी गोळे होते, काहींवर मेंदूसारख्या वळ्या. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे आमच्यापर्यंत येऊन, आम्हाला बघून परत जात होते. एक हिरवट मासा चोचीने प्रवाळ कुरतडत होता, आणि ते कुरतडणं पाण्यात चक्क ऐकू येत होतं. वळ्यांचा एक गोळा इतका वर आला होता, की हात लांबवला असता तर टेकला असता. आत्याचा हात निघाला. बोटं पसरली. मग तो हात अर्ध्यातून वळला आणि त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

पटलं का, असं मी होडीत विचारलं, तर ती म्हणाली, हात न लावता कसं पटणार? पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पाण्याकडे होतं.

"त्या प्रवाळाला कळलं असेल का गं, आपण आलो होतो ते?"

किनारा येईपर्यंत माझं मनगट तिच्या हातात होतं. मी ते सोडवून घेतलं नाही.