वरून दिसणारी म्हैस

मला प्राणी करायचे होते. हे वाक्य मी नात्यातल्या पुष्कळ लोकांना सांगून पाहिलं आहे आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा बघून पुढचं स्पष्टीकरणही दिलं आहे. स्क्रीनवर एक गोळा असतो, हातात पेन असतं. पेन कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर फिरवलं की गोळा दबतो, फुगतो, ओढला जातो. नेटानं बसलं तर त्यातून घोडा निघतो, नाहीतर बटाटा. सिनेमात आणि गेममध्ये जे वाघ-हत्ती-राक्षस दिसतात ते आधी कुणीतरी असे बसून घडवलेले असतात. एवढं ऐकून झालं की लोक म्हणतात, "म्हणजे कार्टून," आणि विषय बदलतात.

लग्न करून मी वर्ध्याहून पुण्यात आले. नवरा आयटी कंपनीत. धायरीत चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. पहिल्याच वर्षी मी कर्वे रोडवरच्या एका क्लासला नाव घातलं. दोन बस बदलून जायचे, उभ्यानं जायचे आणि मजेत जायचे. आमचे सर एका स्टुडिओत काम करायचे आणि शनिवार-रविवारी शिकवायचे. सरांची स्तुती करण्याची पद्धत म्हणजे गप्प बसणं. ते बोलायला लागले की समजायचं, काहीतरी चुकलंय.

मग सासूबाई वर्ध्याच्या घरी बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सासरे आधीच गेलेले, नवरा एकुलता एक. आईला कोण बघणार, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलासुद्धा नाही. त्यांना पुण्यात आणलं, हॉलमध्ये पलंग टाकला आणि माझा क्लास त्याच पलंगाशेजारच्या टेबलावर आला. शिकवलेलं रेकॉर्ड करून मिळायचं, शनिवारी सर ऑनलाइन सगळ्यांचं काम बघायचे. "किती छान, घरबसल्या शिकता येतं," असं जो तो म्हणाला. घरबसल्या हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

एक बाई ठेवून पाहिली. तिच्या हातचं पाणीही सासूबाई पिईनात, तेव्हा ती आपणहून गेली. त्यानंतर नवऱ्यानं घराला एकच नियम घातला: आईला एकटं ठेवायचं नाही. आवाज न चढवता, अगदी हात जोडल्यासारखा. तो संध्याकाळी आला की भाजी आणायचा, कपडे वाळत घालायचा, आईचे पाय चेपायचा. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसाशी भांडायला माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणून मी भांड्यांशी भांडायचे. सासूबाई पलंगावरून म्हणायच्या, "पडलं काय व काही?" मी म्हणायचे, काही नाही, आई.

मला त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? पंखा होता, वायफाय होतं, दारात लिफ्ट होती. बाल्कनीत उभं राहिलं की शेजारचा मोकळा प्लॉट दिसायचा. धायरी गाव होतं तेव्हापासूनच्या कुणा घराची ती जागा. चहूबाजूंनी इमारती झाल्या तरी त्यांनी विकली नव्हती. पत्र्याच्या शेडपुढे चार म्हशी बांधलेल्या असायच्या. कपडे वाळत घालता घालता, केस विंचरता विंचरता मी त्यांच्याकडे बघत राहायचे. बाहेरचं जग म्हणजे माझ्यापुरत्या त्या चार म्हशी होत्या.

एका शनिवारी सरांनी सांगितलं, त्यांच्या स्टुडिओत प्राणी घडवणाऱ्या माणसाची जागा निघाली आहे. चाचणी एकच: एक मोठं जनावर, शांत उभं असलेलं. ना धावणारं, ना डरकाळी फोडणारं. "पळणारं कुणीही करतं," ते म्हणाले, "उभं करून दाखवा." महिन्याभरात ज्याचं बरं होईल त्याचं नाव ते पुढे पाठवणार होते. मला नोकरी हवी होती, पण त्याहून जास्त ती दोन बसची वाट हवी होती. रोज सकाळी चप्पल घालून या दारातून बाहेर पडायचं. ती जागा मिळाली तर नवऱ्याला काहीतरी व्यवस्था करावीच लागेल, असा माझा हिशेब होता. नाही मिळाली तर हा हॉल, हा पलंग आणि मी, किती वर्षं ते कुणी सांगू शकत नव्हतं.

मी म्हैस करायला घेतली. पाठीचा कणा, बरगड्यांवर ताणलेली कातडी, कंबरेची दोन वर आलेली हाडं, मानेवरच्या वळ्या, मागे वळलेली शिंगं. डोळे मिटूनही मला सगळं करता येत होतं. आठवडाभर राबून मी सरांना दाखवली. त्यांनी ती स्क्रीनवर गोल फिरवली, वरून बघितली, खालून बघितली, पुन्हा वरून बघितली आणि बोलायला लागले.

"वरून म्हैस आहे. खालून टेबल आहे."

बाकीची पोरं हसली. मीही हसले. मग सरांनी त्यांच्या कोरड्या आवाजात विचारलं, "मॅडम, आपण म्हैस कधी जमिनीवरून पाहिली आहे का?"

मी हो म्हटलं आणि कॉल संपल्यावर बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली चार पाठी दिसत होत्या. पाय एकाचेही दिसत नव्हते. किती महिने मी म्हशी बघत होते आणि किती महिने मी खाली उतरलेच नव्हते, ते सरांनी न विचारता मला विचारलं होतं. रडू आलं. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी कपड्यांचे चिमटे गोळा करत बसले.

पाय कुठून आले होते, ते सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी पलंगावरून मान उंचावून स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, हा तर तान्ह्या पोळ्याचा नंदी. चाकं कुठी हायेत याची? आमच्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंसोरं लाकडाचे बैल ओढत घरोघर फिरतात. फळीवर उभा केलेला बैल, चार पाय म्हणजे चार खुंट, खाली चाकं. मीही लहानपणी भावाच्या हातातून ओढून घेऊन तो फिरवलेला. पाठ बाल्कनीतून आली होती आणि पाय त्या नंदीचे होते. शिवाय सॉफ्टवेअरला मी सांगून ठेवलं होतं की डावीकडे करीन ते उजवीकडे आपोआप होऊ दे, त्यामुळे चारही खुंट कसे अगदी शिस्तीत, सावधान म्हटल्यासारखे. मी चिडून म्हटलं, आई, चाकं लावते आणि ओढत नेते सरांकडे. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. खुबा मोडल्यानंतर पहिल्यांदाच हसल्या असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा ऑफिसात असताना, मी त्यांना म्हटलं, मी खाली जाऊन येते. कशाला, तर म्हशीचे पाय बघायला. मध्येच कुणी बेल वाजवली आणि या उठायला गेल्या तर काय, या भीतीनं मी बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं. कुलूप दिसलं की कुणी बेल वाजवणार नाही. कुलूप खटकन लागलं. जाळीतून बघितलं तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रागावल्या, असं मी धरून चालले. नवऱ्याला कळणार आणि त्याचा तो हात जोडल्यासारखा चेहरा मला बघावा लागणार, हेही धरून चालले. तरी गेले. फार दिवसांनी माझ्या पायाखाली माती होती आणि मला परत फिरायचं नव्हतं.

शेडमध्ये एक बाई शेण भरत होती. "दूध सकाळच्याला मिळतंय," ती न बघताच म्हणाली. मी म्हटलं, दूध नको, म्हशीकडे बघायचंय जरा. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघा की. तिला काय व्हतंय," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

मी उकिडवी बसले. म्हैस चार पायांवर उभी नव्हती. तीन पायांवर उभी होती. मागचा एक पाय सैल सोडलेला, खुराचं टोक तेवढं जमिनीला टेकलेलं, आणि त्या बाजूची कंबर खाली आलेली. थोड्या वेळानं तिनं उसासा टाकून भार बदलला. कंबर इकडची तिकडे झाली, पोट लोंबून दुसऱ्या बाजूला गेलं, मान किंचित वळली. उभं राहणं म्हणजे तिचं सारखं काहीतरी चाललेलं होतं.

वर आल्यावर सासूबाईंना वॉकर धरून चालवायची वेळ झाली होती. माझे हात नेहमीप्रमाणे त्यांच्या कंबरेवर. त्यांनी चांगला पाय उचलला, दुखऱ्या पायावर भार आला, आणि माझ्या तळव्याखाली कंबर एका बाजूला कलली. मी थबकले. इतके महिने ही गोष्ट रोज माझ्या हातात होती आणि मी मनातल्या मनात घड्याळ बघत होते. त्या म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, आई, परत एकदा पाय उचला. त्यांनी उचलला. मग परत. त्या दिवशी आम्ही हॉलभर फिरलो, फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलं होतं त्याहून जास्त.

त्यानंतर मी रोज दुपारी खाली जायचे आणि रोज कुलूप घालायचे. त्या रोज भिंतीकडे वळायच्या. संध्याकाळी नवरा यायचा, त्या त्याला काही सांगायच्या नाहीत. आज सांगतील, उद्या सांगतील, अशी धाकधूक घेऊन मी म्हशीचं ते आपोआप होणारं उजवं-डावं बंद केलं, पाय मोडून पुन्हा केले, पोट एका अंगाला सोडलं, कंबर कलती केली. शेवटच्या शनिवारी सरांनी ती गोल फिरवली, खालून बघितली, बराच वेळ खालूनच बघितली आणि गप्प बसले.

स्टुडिओतून निवड झाल्याचा फोन आला तेव्हा नवरा घरी होता. फोन स्पीकरवर होता. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, ऑफिसला आलात तर उत्तम, टीमबरोबर शिकायला मिळेल. पण अडचण असेल तर घरूनही चालेल. नवऱ्याला इतका आनंद झाला की त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. "घरूनच चालेल म्हणतायत! मग प्रश्नच मिटला. तुझंही झालं आणि आईचंही झालं. टेबल जरा मोठं घेऊ आपण."

मी त्या टेबलाकडे बघितलं. वाट मी खणून काढली होती आणि ती फिरून त्याच हॉलमध्ये आली होती. नाही म्हणायचं तर काय म्हणून नाही म्हणायचं? आईला एकटं टाकून मला बसनं जायचंय, असं? माझ्या तोंडून 'बरं' निघतच होतं.

"घरून नाही," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तिले जाऊ दे."

नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, आई, तुला एकटीला कसं ठेवणार?

"मले रोज दुपारी कुलपात ठेवून जात होती ते. तुले ठाऊक तरी हाये काय? काही झालं काय मले?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. इतके दिवस जे त्याला कळू नये म्हणून मी जीव मुठीत धरून होते, तेच त्या माझ्या बाजूनं मांडत होत्या. दुपारचं जेवण झाकून ठेवलं तर मी घेईन, त्या म्हणाल्या, वॉकर हाताशी ठेवा, फोन उशाशी ठेवा, मी काही लहान पोर नाही. नवऱ्यानं वॉकर पलंगाजवळ ओढून पाहिला. शेवटी म्हणाला, महिनाभर बघू.

महिनाभर बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. एक तोल जायचा अवकाश, की मी पुन्हा त्या टेबलाशी. पण सोमवारी सकाळी मी डबा भरला, त्यांच्या उशाशी फोन ठेवला, चप्पल घातली आणि सवयीनं जाळीच्या दाराचं कुलूप हातात घेतलं. त्या आज भिंतीकडे वळल्या नव्हत्या. दाराकडेच बघत होत्या.

"कुलूप तेवढं नको लावू व," त्या म्हणाल्या. "लई कोंडल्यावानी वाटते. दार नुसतं ओढून घे."

मी कुलूप खिळ्याला अडकवलं आणि दार ओढून घेतलं.