डिकीतला नारळ

नरेंद्र कर्णिक हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते सांगायला जागा मिळणार नाही. ऑरेगन राज्याच्या रस्ते खात्यात तो पूल तपासायचं काम करायचा. कोणाची गाडी बंद पडली, कोणाचे आईवडील विमानतळावर उतरायचे असले, की तिथल्या मराठी मंडळातला पहिला फोन त्याला जायचा आणि तो कधी नाही म्हणायचा नाही. फक्त चारचौघांत आपण कमी दिसू की काय, याची त्याला भारी धास्ती होती.

त्याची बायको सुमित्रा उरणजवळच्या करंजाची, कोळ्याची मुलगी. मुंबईत एका हॉस्पिटलात नर्स होती. कावीळ होऊन नरेंद्र तिथे पडला होता आणि बरा झाल्यावरही काहीबाही तक्रारी काढून पडूनच राहिला. लग्नाचं ठरवायला तो भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने करंजाला गेला, तेव्हा तिच्या वडिलांनी, विष्णू नाखवांनी, त्याला स्वतःच्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत फिरवून आणलं होतं. लग्न रजिस्टर झालं. कर्णिकांच्या घरात पापलेटाचे कल्ले उघडून ताजं-शिळं सांगणारी माणसं. पण मासे घेऊन येणारीला त्यांनी कधी मागच्या दाराच्या आत घेतलं नव्हतं. आता तिच्याच जातीची मुलगी सून होऊन पुढच्या दाराने आली म्हटल्यावर तोंडं वाकडी झाली. तेवढ्यात अमेरिकेला नर्सेस हव्या होत्या. व्हिसा सुमित्राला मिळाला आणि नरेंद्र तिच्या मागोमाग आला. मित्रांना सांगताना तो हे नेमकं उलटं सांगायचा.

पोर्टलंडच्या मंडळाच्या पहिल्याच गणपतीत वीणा सबनीसने सहज विचारलं होतं, "सुमित्रा, माहेर कुठलं गं तुझं? वडील काय करतात?" सुमित्रा तोंड उघडणार तोच नरेंद्र म्हणाला, "उरणकडची. वडील शाळेत मास्तर होते." सुमित्राने त्याच्याकडे पाहिलं आणि कोशिंबिरीचं भांडं उचलून ती पुढे वाढायला गेली. नरेंद्रला वाटलं, मिटलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विष्णू नाखवा लेकीकडे आले. बायको गेलेली, होडी मुलांच्या हाती दिलेली. पोर्टलंडपासून तासाभरावर, सेलमला असलेल्या लेकीच्या घरात ते खिडकीशी बसून समोरचा रिकामा रस्ता बघत राहायचे आणि कशालाच नावं ठेवायचे नाहीत. नारळी पौर्णिमा जवळ आली तशी मात्र त्यांची चुळबुळ सुरू झाली. दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी जाळं पाण्यात टाकत नाही, आणि इथे समुद्र तासादीड तासावर. ते लेकीला म्हणाले, "तुमच्या दर्याला पन एक नारल देऊन येव. त्याच्या दारात आलोय, हात हलवीत कसा जायचा?" अख्ख्या अमेरिकेत त्यांनी मागितलं ते एवढंच. सुमित्राने दुकानातून शेंडीसकट नारळ शोधून आणला.

त्याच आठवड्यात वीणाच्या नवऱ्याचा, गिरीशचा फोन आला. "अरे नरेंद्र, शनिवारी डीपो बेला सॅमन पकडायला जातोय. बोट बुक केलीय. मास्तरांना घेऊन ये, यार. एन्जॉय करतील."

नरेंद्र हो म्हणून बसला. फोन ठेवल्यावर मास्तर हा शब्द त्याच्या ध्यानात आला. सासऱ्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. पण सांगायचं कसं? तुमचा धंदा मी लोकांपासून लपवलाय, असं? रोज संध्याकाळी तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि उठायचा. शनिवारी पहाटे गाडीतही त्याने रेडिओ लावला. मागच्या सीटवर नाखवा पांढराशुभ्र सदरा आणि जावयाचं जाड जॅकेट घालून, मांडीवरच्या पिशवीत नारळ धरून बसले होते. लग्नाला निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

डीपो बेचं बंदर म्हणजे कातळातली एक लहानशी खोबण. हायवेच्या पुलाखालून, दोन्ही अंगांच्या काळ्या खडकांमधल्या चिंचोळ्या फटीतून बोटी बाहेर पडतात. गिरीश आणि वीणा धक्क्यावर उभेच होते.

"या, मास्तर, या," गिरीश म्हणाला. "कुठल्या शाळेत होतात तुम्ही?"

नाखवा थांबले. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई आमिषाच्या हेरिंग माशांची बादली निरखत होता. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

"उरणला," नाखवा म्हणाले. "लहान पोरांना."

"काय शिकवायचात?"

"सगळंच थोडं थोडं."

"आणि काका, हा नारळ कशाला आणलात?" वीणाने विचारलं.

"खायला," नाखवा म्हणाले. मग पिशवी पुढे करून, "जावईबापू, हा गाडीत ठेवता काय?"

नरेंद्रने पिशवी घेतली आणि जवळजवळ पळतच गाडीपाशी गेला. डिकी बंद केली तेव्हा त्याला हायसं वाटलं. त्या दिवसाचं सगळं आठवून तो पुढे शरमेने मान खाली घालायचा, पण त्या हायसं वाटण्याची लाज सगळ्यांत जास्त होती.

बोटीवर चढताना नाखवांनी वाकून बुटाची नाडी सोडली. त्यांच्याकडे होडीवर पायताण घालून चढत नाहीत. बाकीचे बुटांनिशी खुशाल आत जाताना दिसले, तशी त्यांनी नाडी पुन्हा बांधली आणि उठता उठता फळीला हात लावून तो कपाळाला लावला. केस सारखे केल्यासारखा. ते फक्त नरेंद्रने पाहिलं.

बाहेर पडल्यावर लाटांनी बोटीला घुसळायला सुरुवात केली. आधी वीणाला बोट लागली आणि ती कठड्यावर ओणवी झाली, मागोमाग गिरीश, मग सुमित्राही खाली केबिनमध्ये जाऊन पडली; रात्रपाळी करून आली होती बिचारी. पाय रोवून उभे राहिले ते नरेंद्र आणि त्याचे सासरे. बोटीवरच्या पोरगेल्या खलाशाने नाखवांना गळाची काठी कशी धरायची, रीळ कसं फिरवायचं ते हातवारे करून समजावलं. नाखवा मान डोलावत ऐकत होते आणि मुद्दाम चुकीचा हात पुढे करत होते. खलाशाने हसून त्यांचा हात सरळ केला. त्या हातांच्या तळव्यांवर दोराचे जुने वळ होते. ते कोणाला दिसायच्या आत नाखवांनी काठी खोबणीत अडकवली आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

नरेंद्रला त्या क्षणी तोंड उघडता आलं असतं. गिरीश चार हातांवर होता, ओठ पुसत होता. एका वाक्याचं काम होतं. पण गिरीश विचारणार, मग इतकी वर्षं खोटं का बोललास. तो आपल्या गळाकडे बघत राहिला.

गिरीशला आणि नरेंद्रला मध्यम आकाराचे सॅमन मिळाले. मग नाखवांची काठी एकदम कमानीसारखी वाकली. मोठा मासा होता. एकदा पाण्याबाहेर उसळला, तेव्हा कप्तानसुद्धा आपल्या जागेवरून डोकावला. नाखवांनी काठी हातात घेतली आणि क्षणभर त्यांचं सगळं अंग जागं झालं. पाय आपोआप फाकले, पाठ ताठ झाली, मासा खाली ओढेल तितकीच त्यांनी दोरी दिली आणि परत घेतली. नरेंद्रला खाडीच्या तोंडाशी सुकाणूवर उभा असलेला माणूस आठवला. हाच तो.

मग नाखवांनी काठीचं टोक पाण्याकडे झुकवलं आणि दोरी सैल सोडली. चुकून नाही. शांतपणे, दार लोटून घ्यावं तशी. गळ मोकळा होऊन वर आला.

"अरेरे, मास्तर," गिरीश हळहळला. "लाइन लूज सोडायची नसते हो. एवढा मोठा गेला."

"काय करनार," नाखवा हसून म्हणाले, "सवय नाय."

धक्क्यावर परतल्यावर सगळ्यांनी मासे हातात धरून फोटो काढले. गिरीशने आपला मासा नाखवांच्या हातात दिला. त्यांची बोटं सरळ कल्ल्यात गेली. मग ती त्यांनी बाहेर काढली आणि बाकीच्यांसारखा मासा दोन्ही हातांवर, बाळासारखा अवघडून धरला.

नरेंद्रला आता सहन होईना. बाकी तिघं मासे साफ करून घ्यायला गेले, तसा तो सासऱ्यांना बाजूला घेऊन गेला.

"आबा, मासा का सोडलात?"

"नारल दिला नव्हता. त्याचा घेनार कसा?"

"मी आत्ता जाऊन गिरीशला सांगतो. खरं काय ते."

"नको." नाखवांनी त्याच्या दंडाला हात लावला. "चारचौघांत तुमी खोटे पडाल. ऱ्हाव दे. मी पन गावान खोटाच सांगतंय."

"काय सांगता?"

"लोक विचारतात, जावई अमेरिकेतून मुंबईला येतो, लेक लाँचने येते, मग जावई करंजाला का येत नाय? मी सांगतो, त्याला बोट लागते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नरेंद्रला बरं वाटलं असतं. तो सबंध दिवस हलत्या बोटीवर उभा होता आणि त्याला साधं मळमळलंसुद्धा नव्हतं, हे शेजारी उभ्या असलेल्या त्या माणसाने पाहिलं होतं.

परतीचा रस्ता काही मैल समुद्राला धरून उत्तरेला जातो. दर थोड्या अंतरावर कड्याच्या टोकाशी गाडी उभी करायला जागा आहे. पहिल्याच वळणावर डिकीत नारळ गडगडला. नरेंद्रने सुमित्राकडे पाहिलं. ती काचेबाहेर बघत होती. आरशात नाखवा समुद्राकडे तोंड करून बसलेले दिसले आणि त्यांच्या मागे गिरीशची गाडी.

पुढच्या कड्याशी थांबू, असं तो मनाशी म्हणाला. तो कडा आला. थांबलो तर गिरीशही थांबणार, खाली उतरणार, विचारणार. त्याने पाय ब्रेकवर नेला आणि काढून घेतला. त्यानंतरचाही कडा गेला. वळणावळणाला नारळ या कडेपासून त्या कडेपर्यंत जात होता, आणि तो आवाज गाडीतल्या तिघांनाही ऐकू येत होता.

मग रस्ता डोंगराकडे वळला आणि समुद्र झाडांमागे गेला. बऱ्याच वेळाने पोर्टलंडचा फाटा आला. गिरीशने हॉर्न वाजवला, वीणाने काचेतून हात हलवला आणि त्यांची गाडी आपल्या वाटेने निघून गेली. आता थांबायला काहीच हरकत नव्हती. मागे कोणी नव्हतं, डिकीत नारळ तसाच होता, आणि दोन्ही बाजूंना समुद्र नव्हे, नुसती गवताची शेतं होती.