डाग तपासणारे आप्पा

आप्पांवर लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका रंगाई मिलमध्ये मी संगणकाची कामे सांभाळते; पन्नाशी उलटल्यावर प्रथमच असे काही लिहायला बसले आहे, आणि त्यांना माझ्याहून अधिक ओळखणारी माणसे त्यांच्या अमळनेर गावापासून सुरतेपर्यंत आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या सुनेचा फोन आला, "मावशी, आप्पा गेले..." तेव्हा मी त्यांच्याच टेबलाशी उभी होते.

त्या टेबलावर खिडकीच्या उजेडात आप्पा साड्या पसरत आणि डागांभोवती खडूने गोल काढत. रंग पास करणे त्यांचे काम नव्हे; ते रंगमास्तरांचे. मिलमध्ये नवे सॉफ्टवेअर आले, तेव्हा मी सर्वांची विभागणी 'ज्युनियर' आणि 'सीनियर' अशी केली. मिलमधल्या सर्वांत जुन्या माणसाला ज्युनियर कसे म्हणावे? आदरापोटी मी त्यांना 'सीनियर' केले... आणि त्या नावासोबत रंग पास करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे गेला, हे सांगायचे राहून गेले. एके सकाळी त्यांच्या पडद्यावर मोरपंखी रंगाचा नमुना आला. पाहिला, एवढ्याच अर्थाने आप्पांनी 'ठीक' दाबले. मास्तरांनी न पाहिलेला तो रंग अख्ख्या लॉटला लागला, आणि साड्या निघाल्या शेवाळी.

शेठनी विचारले, "आप्पा, तमे पास कर्युं?"

"हा शेठ, में."

आप्पांना टेबलावरून उठवून गोदामात पाठवण्यात आले. मी लॅपटॉप छातीशी धरून तिथेच उभी होते. दुपारी गोदामात गेले ती बोलणी खाण्याच्या तयारीनेच. आप्पांनी डबा पुढे सरकवला. "खाय ले, माय. तुनं तोंड देख, शेवाळी रंगनं!" मी हसता हसता रडले. मग ते हलकेच म्हणाले, "माले मान नको. मी काय करस, ते लिख."

मी शेठकडे गेले. पडद्यावरचे 'सीनियर' दाखवून म्हटले, चूक माझ्या या शब्दाची आहे. ते हसले, "बेन, शब्दथी कापड बगडे?" "यावरून आप्पांनी काय करायचे, ते तुम्हाला कळते का?" एवढे मी कसेबसे विचारले. शेठनी पडदा स्वतःकडे वळवून तो शब्द पुन्हा वाचला, आणि गोदामात फोन लावला. दुसऱ्या दिवशी आप्पा खिडकीपाशी होते.

पुढचा आठवडाभर आम्ही दोघांनी नावे ठरवली: 'रंग पास करणारे', 'डाग तपासणारे', 'फक्त पाहणारे'. प्रत्येक नाव आप्पा नव्याने लागलेल्या कामगाराला ऐकवत आणि विचारत, "आता सांग, तू कशाला हात लावायचा नाही?" तो अडखळला, की नाव बाद.

'डाग तपासणारे' या यादीत आजही पहिले नाव त्यांचेच आहे. ते काढण्याचे काम माझे, आणि काढताना कारण निवडावे लागते. पर्याय मीच पूर्वी लिहिलेले: 'नोकरी सोडली', 'बदली', 'अन्य'. तीन आठवडे मी ती चौकट उघडते आणि मिटते. 'अन्य' पाहून आप्पांनी खडूने गोल काढला असता... नवा पर्याय लिहिण्याची मुभा मला आहे. माझ्या जागी तुम्ही असतात, तर तिथे काय लिहिले असते?