बाईजाने राखून ठेवलेला देव

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला. हे कागदोपत्री नोंदलेले आहे. त्याच दुपारी शहापुरात महादूच्या नातीला, चंद्रकलेला, हळद लागत होती. त्याची नोंद कुठेही नाही.

महादूची थोरली बहीण बाईजा धवलारीण होती. हळदीच्या मांडवात गाण्यातून देवांना आमंत्रण तिनेच द्यायचे. आधी गावदेवी, मग घाटवाटेवरचा वाघोबा, मग नाक्यावरचा म्हसोबा. शहापूर जसजसे वाढले, तसतसे देव गाण्यात ओळीने येत गेले. एखादा राहिला, तर त्याचा कोप नव्या जोडप्यावर होतो, असे सारे मानत.

या वेळी मात्र महादूने गाण्याची सुपारी दिली ती गीताला, बाईजाच्याच चेलीला.

"बाय, तुझा गळा आता फाटलाय. पोरीचं लगीन हाय, वाईट नको मानू."

बाईजा मानेनेच बरे म्हणाली. आत मात्र निखारा पडला होता, आणि तो जुना होता. गीता शिकत असतानाच बायका तिच्या आवाजाने वेडावल्या होत्या. तेव्हापासूनच बाईजाने एक देव तिला शिकवलाच नव्हता.

मांडवात गीता गाऊ लागली. अंगावर नवे लुगडे, केसांत अबोली. बाईजाला ते लुगडेही सोसवेना. शेजारची रखमी डोलत म्हणाली, "मध गो मध! चेलीनं मागं टाकलं ना गो तुला!"

"गळा हाय. पोटात काय हाय ते बघू."

गाण्यात त्या न शिकवलेल्या देवाची जागा जवळ आली. आता कोणी म्हातारी ओरडेल, 'थांब गो, देव राहिला!' बाईजाने पदराचे टोक मुठीत आवळले. गीता ती जागा ओलांडून पुढे गेली. कोणी हूं की चूं केले नाही. उलट रखमीने डोळे पुसले. इतकी वर्षे आपल्यालाही कोणी ऐकले नव्हते, हे बाईजाला तेव्हा उमगले आणि गीताच्या गळ्याहून ते अधिक झोंबले.

संध्याकाळी स्टेशनकडून गावातला काळूराम धावत आला. "मुंबई पेटलीय! गोदी जळतेय!"

नवरा मुलगा जयराम गोदीतच मजूर होता, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीही पाळीवर होता. चंद्रकला हळदीच्या अंगाने मटकन खाली बसली. बाईजाचा चेहरा उतरला. तिने पदरात अक्षता आणि सुपारी घेतली. दाराशी गीता आडवी आली.

"मावशी, कुठं?"

"देव राहिलाय."

"माझ्याकडून? कुठला गो? सांग, मी बोलावते."

बाईजाने ते नवे लुगडे खालपासून वरपर्यंत पाहिले. नातीचे कुंकू पणाला लागले होते, तरी जीभ वळेना.

"सगळं तर नेलंस. तेवढा राहू दे मला."

ती एकटीच गेली. दुसऱ्या दिवशी जयराम आला, काजळी माखलेला पण धड, आणि लग्न लागले. बाईजा पुन्हा कधी गायली नाही.

रखमी सांगे, ती नदीकडे गेली. काळूरामच्या मते कचेरीमागे, जिथली एक शिळा साहेबाने बांधकामात हलवली होती. गीताच्या गाण्यात या दोन्ही ठिकाणचा देव नाही. दोघांपैकी कोणाचे खरे, हे ठरवायला पुरावा नाही. तो देव कोणता होता, हे अजून अज्ञात आहे.