याच्यात आपण कुठी हाओ?

"याच्यात आपण कुठी हाओ?"

नवं पुस्तक हातात पडलं, की सर धडे वाचायच्या आधी चित्रं बघत. एकेका चित्रावरून बोट फिरवत आणि हा प्रश्न विचारत. महागाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते तिसरीला शिकवायचे, मी चौथीला. सर जवळच्याच तांड्यावरचे, बंजारा. लग्नाच्या फोटोतही आधी स्वतःलाच शोधणारा एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेलच. मला वाटायचं, सर त्यातलेच.

एकदा शाळेच्या भिंतीवर पेंटरनं कामाची माणसं काढली. डॉक्टर, पोस्टमन, नर्सबाई. सरांनी बोट फिरवून प्रश्न विचारला. पेंटर वैतागला आणि त्यानं कोपऱ्यात, झाडाखाली एक पागोटेवाला काढून दिला.

"हा काय करून राह्यला?"

"बसला हाय, सर."

"मंग उठवा ना त्याले, बाप्पा! बाकी सारे कामावर हायेत."

पेंटरनं उठवला. पण जागा पुरली नाही, त्याचं पागोटं फांदीत गेलं. अजून तसंच आहे.

मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत सर मोबाईलवर कार्टून बघताना सापडले. मला कार्टूनचा मुळात राग. म्हटलं, "आता हेच बाकी होतं व माय! सर, वय काय तुमचं?"

कार्टून जपानी. सरांच्या लहानपणी रविवारी सकाळी हिंदीत लागायचं, ते आता कुणी नव्यानं काढलेलं. पोरांची टोळी डोंगर ओलांडून निघते. वाटेत बैलांवर माल लादून हिंडणारे लोक भेटतात, बायांच्या घागऱ्यांवर आरसे. जुन्या कार्टूनमध्ये हे लोक चोर होते. नव्यात त्यांचीच एक म्हातारी राजाला तोंडावर सांगते, की गावं जाळणाऱ्या सैन्याचं धान्य आमचे बैल वाहणार नाहीत.

"पण जपानातल्या माणसाले तुमचा तांडा काय माहीत, सर?"

"नसंल माहीत. बैल तं आमचेच दिसून राह्यले, मॅडम."

मी हसले. सर हसले नाहीत. मोबाईल खाली ठेवून म्हणाले, "माह्या याडीनं शाळेत येणं सोडलं, ते त्या जुन्या कार्टूनपायी."

याडी म्हणजे आई. ती फेटिया, म्हणजे आरसे लावलेला घागरा, आणि दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या, घालून पोराचा डबा घेऊन यायची. कार्टून सुरू झालं आणि पोरं तिला बघून त्यातल्या चोरणीच्या नावानं ओरडू लागली. सर तेव्हा चौथीत. त्यांनीच तिला सांगितलं, "तू येत नोको जाऊ." ती पुन्हा आली नाही. लेक मास्तर झाला, तरी नाही.

"एकडाव तिले इथं आणाचं हाय, अन् हे नवं दाखवाचं हाय," सर म्हणाले. तेव्हा कुठं मला त्या बोट फिरवण्याचा अर्थ लागला.

शनिवारी शाळेच्या मोठ्या टीव्हीवर दाखवायचं ठरलं. तर शाळा समितीतले एक दुकानदार भाऊ तरातरा आले.

"सर, लेकराइले कार्टून दाखवा ना, राजकारण कायले दाखवता? राजाले नाही म्हणा, सैन्याले नाही म्हणा!"

"भाऊ, जुन्यात हेच लोक चोर होते. आपण तुमच्याच घरी संगं बसून पाह्यलं. तवा नाही दिसलं तुम्हाले राजकारण?"

भाऊंनी मान खाली घातली. ओरडणाऱ्या पोरांत ते होते, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मग म्हणाले, "दाखवा. म्याबी येतो."

सरांची आई आली. पण आली ती सुनेची फिकी साडी नेसून. हात मोकळे, डोक्यावर पदर. लेकाला कुणी हसू नये म्हणून. दारातच सरांचा चेहरा उतरला. टीव्हीवरच्या म्हातारीनं राजाला नाही म्हटलं, तेव्हा पोरांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. भाऊंनीही वाजवल्या. आई शांत बसून होती.

सरांनी विचारलं, "कशी वाटली?"

"बाई चांगली हाय," ती म्हणाली. "पण हातात बलिया काहून नाही तिच्या?"

सर आईच्या मोकळ्या हातांकडे बघत राहिले.

उन्हाळ्यात सरांची बदली मारेगावला झाली. त्यांच्या जागी आलेले गुरुजी चांगले आहेत, पण मला मधल्या सुट्टीत करमत नाही.

यंदा पंधरा ऑगस्टला झेंडा चढायच्या आधी फाटकाशी घुंगरांचा आवाज झाला. पोरं बाजूला सरकली. हेडमास्तर लगबगीनं पुढं गेले. "आई, सर तं मारेगावले गेले ना!"

"माहीत हाय मले. झेंड्याले आली."

मी भिंतीआड जाऊन सरांना फोन लावला. "सर, तुमची आई शाळेत आली."

पलीकडून हळूच, "काय घालून?"

"फेटिया. अन् बलिया, पार दंडापर्यंत."

सर लेकरासारखे रडले. मलाही आवरलं नाही. मग ते म्हणाले, "मॅडम, तिले समोर बसवा."

मी वळून पाहिलं. ती पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर जाऊन बसली होती.