आडवी फांदी

पळस फुलला की ती घटना आठवल्याशिवाय राहत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, गडचिरोलीतले बंदोबस्त केले. त्यातलं बरंचसं विसरलो. ही एक फांदी मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, मोहर्लीच्या अलीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावाबाहेर, आमराईत, एक मोटरहोम येऊन थांबली होती. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं होतं. गावकऱ्यांनी तिला 'घरवाली गाडी' म्हणायला सुरुवात केली आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. गाडीत पुण्याकडचं एक निवृत्त जोडपं होतं. बाई शिक्षिका होत्या, त्यांना पक्ष्यांचं वेड.

एका सकाळी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, घरवाल्या गाडीतली बाई बोडीच्या वाटेवर पडून आहे. काही हालून नाई राह्यली."

बोडी म्हणजे शेताच्या कडेचं लहान तळं. उजाडायच्या आत तिथे पाणपक्षी बघायला बाई एकट्याच निघाल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा नवरा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन वाटेतच बसला होता. दुर्बीण बाईंच्या गळ्यात तशीच होती.

कोणी म्हणालं साप, कोणी म्हणालं हृदयविकार. अकस्मात मृत्यू नोंदवला, पंचनामा केला, शव चंद्रपूरला पाठवलं. डॉक्टरांनी पायाच्या घोट्यावरची जखम दाखवून सांगितलं, विजेचा धक्का. मला नवल वाटलं नाही. चण्यात रानडुकरं शिरतात म्हणून काही जण रात्री खांबावर आकडा टाकून शेताभोवती, कधी वाटेवरूनही, उघडी तार लावतात. गुन्हा आहे हे त्यांना माहीत असतं. डुकराला ते माहीत नसतं आणि माणसालाही रात्री तार दिसत नाही.

पण जागेवर तार नव्हती. त्या वाटेलगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना ठाण्यात बोलावलं, तर गावभर आळीमिळी गुपचिळी. "मले मालूम नाई जी." "आमी तर करंट लावतच नाई." दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं. माझं बालपण चामोर्शीकडच्या धानाच्या बांध्यांत गेलेलं. शेतकरी केव्हा खोटं बोलतो हे मला कळतं, पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुरवणी जबाब घ्यायला मी त्या गृहस्थांच्या गाडीत गेलो. बाईंच्या उशाशी पाण्याच्या बाटलीत पळसाची फांदी खोचलेली होती. फुलं माना टाकत होती, पण बुडाकडचा काप स्वच्छ, तिरपा, कुऱ्हाडीचा होता.

"ही कुठून तोडली?" मी विचारलं.

"तोडली नाही हो. आदल्या संध्याकाळी मी एकटाच फिरायला गेलो होतो. बोडीच्या वाटेच्या तोंडाशी आडवी पडलेली होती. तिला फुलं आवडतात म्हणून उचलली. अंधार पडायला लागला, तिथूनच परत फिरलो."

तपासाला लागेल एवढंच सांगून मी ती फांदी मागून घेतली. आमच्या झाडीपट्टीत वाटेवर ताजी तोडलेली फांदी आडवी टाकली की लहान पोरसुद्धा तिथून मागे फिरतं. पुढे धोका आहे, येऊ नको, एवढाच तिचा अर्थ. आम्ही शेतंच्या शेतं धुंडाळत होतो. काखेत कळसा म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यांना पुन्हा बोलावलं. काहीही न विचारता मी ती फांदी टेबलावर ठेवली. पन्नाशीचा एक माणूस, जो आदल्या दिवशी सगळ्यांत ठामपणे नाही म्हणाला होता, फांदीकडे बघतच राहिला. मग टेबलाचा काठ धरून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

"टाकली होती ना जी मी! साहेब, मी टाकली होती!"

"काय टाकली होती?"

"फांदी. मी रोजच टाकतो. सकाळी आकडा काढाले गेलो तं बाई पडून, अन् फांदी नाई. मले वाटलं, मीच टाकाची भुललो. तार गुंडाळली अन् पळालो. तवापासून जेवन नाई जात. मायबाप, मी भुललो नवतो!"

सुटका झाल्यासारखा तो रडत होता. आपण तुरुंगात जाणार हे त्याच्या लक्षातही नव्हतं. पोलिसासमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण तार त्याने पंचांसमक्ष स्वतः काढून दिली. गुन्हा उघडकीस आला.

माझा हवालदार दाराशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, फांदीचं काऊन लिवता? तार भेटली, बस झालं. त्या गाडीवाल्या बिचाऱ्याची बायको गेली. आता हे बी त्याले सांगाचं?"

त्याचं चुकत नव्हतं. फांदी कागदावर आली नसती तर कोणी विचारलंही नसतं. पण शेतकऱ्याने धोक्याची खूण केली होती, हे न्यायाधीशांपुढे यायलाच हवं होतं. एकाच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. तोच आता मला दुसऱ्याच्या छातीवर ठेवायचा होता.

मी आमराईत गेलो आणि सरळ सांगितलं. ते गृहस्थ गाडीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "लिहा. तसंच्या तसं लिहा." कोर्टातही त्यांनी तेच सांगितलं, कोणी न विचारता, आवाज न कापता. शेतकऱ्याला शिक्षा झाली, पण थोडी कमी. तार शेवटी त्याचीच होती.

तपास म्हणजे गुन्हेगार शोधणं, असं मी तरुणपणी समजत होतो. त्या गुन्ह्याने शिकवलं की खरं सापडतं तेव्हा ते कोणाला तरी नेऊन द्यावं लागतं, आणि ते काम पोलिसालाच करावं लागतं. ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आमराईतून निघण्याआधी त्या गृहस्थांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, त्या फांदीचा अर्थ तिलाही माहीत नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो. "कसा असणार?"

"मग बरं झालं. झोपताना म्हणाली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा न सांगता फुलं आणलीस."

एवढं बोलून ते गाडीत चढले आणि शेजारच्या रिकाम्या आसनाचा पट्टा लावून निघून गेले.