बाबांची उचकी आणि माझी थाप

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. धरमपेठेत माझं मेडिकल स्टोअर आहे, लिंबू-मिरचीपेक्षा गोळीवर भरवसा ठेवणारा माणूस मी. तरीही हे लिहितोय...

मागच्या सप्टेंबरात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर त्यांना उचकी लागली. तास-दोन तास नाही — सलग तीन दिवस. घास उतरेना, झोप नाही, प्रत्येक उचकीला हात टाक्यांवर. डॉक्टर म्हणाले, पोट फुगून छातीखालच्या पडद्याजवळची नस चिडली की असं होतं. दुपारपर्यंत थांबली नाही तर परत ॲडमिट करा, टाके तुटायला नकोत. साखर, पाणी, श्वास रोखणं, सगळं झालं. कोण आठवण काढतंय म्हणून आईने एकेक नाव घेत अख्खं खानदान संपवलं.

शेवटी सकाळी दहाची गोळी देताना मला लहानपणीचा उपाय सुचला — दचकवायचं. गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बाबा, रामटेकहून फोन होता. काका शेतात पाण्याच्या मोटारीजवळ पडले."

उचकी थांबली. तिथल्या तिथे.

मी हसून म्हणालो, "अहो, थाप मारली."

बाबा पांढरेफटक पडले होते. "काहून लपवून राहिला गा? खरं सांग, भाऊले काय झालं?"

थाप त्यांना खरी वाटली आणि कबुली खोटी. काकांचा फोन नुसताच वाजत होता. मग बाबांनी काकांच्या शेजारच्या शेतकऱ्याला फोन करून शेतावर पिटाळलंच. मला त्यांचा रागच आला होता.

तासाभराने त्याचा फोन आला. "तुमचे भाऊ मोटारीपाशी पडून होते. खुबा मोडला वाटते. अर्धं अंग धानाच्या पाण्यात... ओढून काढलं, गाडी बोलावून राहिलो."

काका वाचले. उचकी पुन्हा लागली नाही. पोराच्या एका थापेनं भाऊ वाचला, असं बाबा येईल त्याला सांगतात.

पण दवाखान्यात काका मला म्हणाले, "फोन घरीच विसरलो होतो. साडेदहाले लाईट आली, मोटार चालू करायले गेलो अन् पाय घसरला. तोवर बांधावर मजेत बसलो होतो ना."

साडेदहा... म्हणजे मी बोललो तेव्हा काका धडधाकट होते.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. बाबांना ही वेळ मी सांगितलेली नाही. ते माझं कौतुक करू लागले की मला भीती वाटते, आणि मी खोलीतून उठून जातो.